खारदुंग ला, शंभर ऑक्टेन आणि शिशाचं भूत

एपिसोड ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी ही लिखित प्रत. बोलताना येणारे ‘अं’ आणि ‘म्हणजे कसंय’ काढून टाकलेत, बाकी बोलणं बऱ्यापैकी तसंच आहे.

मे महिना संपत आला की काशीमिरा नाक्यावर पहाटे एक ठरलेलं दृश्य दिसतं. मागच्या सीटवर रश्शीने करकचून बांधलेल्या बॅगा, दोन्ही बाजूंना पेट्रोलचे रिकामे कॅन, टाकीवर मोबाईल. वर्सोवा पूल ओलांडला की खाडी मागे, मग वापी, सुरत, उदयपूर, दिल्ली, मनाली आणि शेवटी लडाख. ज्या घोडबंदरला एकेकाळी अरबी घोडे जहाजातून उतरवले जायचे असं सांगतात, त्याच घोडबंदरच्या बाजूने आता हॉर्सपॉवरच्या गप्पा मारत पोरं निघतात. आणि निघायच्या आदल्या रात्री प्रत्येक ग्रुपमध्ये हा प्रश्न येतोच: “उंचीवर जायचंय, गाडी दमणार. मग शंभर ऑक्टेनवालं पेट्रोल भरायचं का?”

उत्तर एका वाक्यात देतो. उंचीवर गाडी दमते ते खरं, पण जास्त ऑक्टेनने तो दम परत येत नाही. उलट उंचीवर साध्या इंजिनाची ऑक्टेनची भूक कमी होते.

एपिसोड इथेच संपवता आला असता. पण उंची आणि ऑक्टेन ही जोडी आपल्या डोक्यात आली कुठून, हे शोधायला गेलं की शंभर वर्षांची एक गोष्ट सापडते. तिच्यात एक अमेरिकन डोंगर आहे, लंडनवरची लढाई आहे, आपलं माहुल आहे, मिरज आणि मनमाडही आहे. आणि तिच्यात माणसं मेली आहेत. म्हणून आज जरा सविस्तर.

आधी ऑक्टेन म्हणजे काय ते बघू. सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोल शिरतं, पिस्टन ते दाबतो, आणि नेमक्या क्षणी प्लग ठिणगी टाकतो. ज्योत प्लगपासून निघून शिस्तीत पसरायला हवी. पण दाब आणि उष्णता फार वाढली, तर ज्योत पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप भडकतं. मग आतून टकटक आवाज येतो. मेकॅनिक म्हणतो, “गाडी नॉक मारतेय.” हे फार वेळ चाललं तर पिस्टनला भोक पडू शकतं. ऑक्टेनचा आकडा म्हणजे पेट्रोल हा दाब किती सोसतं याचं माप. पेट्रोलमध्ये ताकद किती आहे, हे तो आकडा सांगतच नाही. पंपावरच्या जाहिराती मात्र अशा असतात की ऐकणाऱ्याला तसंच वाटावं.

आता उंची. समुद्रसपाटीला, म्हणजे भाईंदरच्या मिठागरांजवळ, हवेचा जो दाब असतो त्याच्या साधारण ८६ टक्के महाबळेश्वरला उरतो. लेहला, ३५०० मीटरवर, ६५ टक्क्यांच्या आसपास. आणि खारदुंग लाला जेमतेम निम्मा. (तिथल्या प्रसिद्ध बोर्डावर १८,३८० फूट लिहिलेलं असायचं, ज्याच्यासमोर सगळ्यांचे फोटो आहेत. नंतरच्या मोजणीत ती खिंड ५३५९ मीटर, म्हणजे १७,५८२ फूट निघाली. फोटो ठेवा, आकडा विसरा.) हवा निम्मी म्हणजे सिलिंडरमध्ये भरणारं मिश्रणही निम्म्याच्या आसपास. मग ते दाबल्यावर होणारा दाबही कमी, आणि नॉकिंगची भीतीही कमी. खारदुंग लाला पूर्ण पिळलेला अ‍ॅक्सिलरेटर म्हणजे काशीमिऱ्याला अर्धा पिळलेला, असं समजा. अर्ध्या अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी नॉक मारत नाही, हे सगळ्यांच्या अनुभवाचं आहे.

हवाच नसेल तर पेट्रोल बिचारं काय करणार?

हा धडा माणसाला पहिल्यांदा नीट आकड्यांत दिसला तो १९१८ साली. पहिलं महायुद्ध चालू होतं आणि विमानं उंच गेली की त्यांची इंजिनं मलूल व्हायची. सॅनफर्ड मॉस नावाच्या इंजिनियरने एक लिबर्टी विमान इंजिन ट्रकवर चढवलं आणि कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या डोंगराच्या माथ्यावर नेलं. उंची १४,१०० फुटांच्या थोडी वर. खाली डेटनमध्ये ३५० हॉर्सपॉवर देणारं इंजिन माथ्यावर २३० वर आलं. मग मॉसने त्याला टर्बो जोडला, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरणारा, हवा कोंबणारा पंखा. आकडा गेला ३५६ वर! उंचीवरचं औषध पेट्रोलच्या टाकीत नाही, हवेच्या नळीत आहे, हे त्या डोंगरावर सिद्ध झालं.

त्याच सुमारास, त्याच डेटन शहरात, चार्ल्स केटरिंग आणि त्याचा तरुण सहकारी थॉमस मिजली नॉकिंगच्या मागे लागले होते. केटरिंगच्या कंपनीचे घरगुती वीज बनवणारे संच केरोसीनवर चालायचे आणि भयंकर टकटक करायचे. मिजलीला वाटलं, केरोसीनला लाल रंग दिला तर ते उष्णता लवकर शोषेल आणि नीट जळेल. लाल रंग हाताशी नव्हता, म्हणून त्याने आयोडीन टाकलं. टकटक थांबली! मग खरा लाल रंग आणून टाकला, तर काहीच फरक नाही. म्हणजे कल्पना साफ चूक आणि निकाल बरोबर. विज्ञानात असं होतं कधीकधी. आयोडीन महाग आणि गंज आणणारं, म्हणून पुढची काही वर्षं ते एकामागून एक पदार्थ टाकून बघत राहिले. ९ डिसेंबर १९२१ ला त्यांना टेट्राएथिल लेड सापडलं. शिशाचं संयुग. थेंबभर पुरायचं.

आता इथे जरा थांबा, कारण पुढचं सगळं या वळणावर ठरलं. अल्कोहोल म्हणजे इथेनॉल नॉकिंग थांबवतं, हे मिजलीला पक्कं माहीत होतं. १९२१ मध्येच इंजिनियरांसमोर त्याने त्याची तारीफ केली होती. पण अल्कोहोल कोणीही गाळू शकतो. शिशाच्या संयुगावर मात्र पेटंट घेता येतं. आणि शिसं विषारी आहे हे तेव्हा कोणाला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. ते रोमन काळापासून माहीत होतं. तरी फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटनच्या एका पंपावर शिसंवालं पेट्रोल विकायला लागलं. नाव ठेवलं ‘एथिल’. नावात शिसं कुठेच नाही.

त्याच वर्षी मिजली स्वतः शिशाच्या विषबाधेने आजारी पडून हवापालटाला गेला होता. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे रिफायनरीत हे संयुग बनवणाऱ्या कामगारांना भास व्हायला लागले, काही जण हिंसक झाले. पाच कामगार मेले, तीसहून जास्त आजारी पडले. वर्तमानपत्रांनी त्याला ‘वेडा गॅस’ म्हटलं. आणि ३० ऑक्टोबरला मिजलीने पत्रकारांसमोर त्या द्रवाने हात धुतले, बाटली मिनिटभर नाकाशी धरली आणि सांगितलं की यात काही धोका नाही. जो माणूस याच विषाने आजारी पडून आला होता, तो हे सांगत होता. विक्री काही काळ थांबली, सरकारी समिती बसली, १९२६ मध्ये परत सुरू झाली.

त्याच १९२६ च्या सुमारास एथिल कंपनीतल्या ग्रॅहम एडगरने मोजपट्टी दिली. आयसोऑक्टेन हे द्रव्य नॉकला कणखर, म्हणून त्याला १००. हेप्टेन नाजूक, म्हणून त्याला ०. तुमचं पेट्रोल या दोघांच्या ज्या मिश्रणासारखं वागेल, तो त्याचा आकडा. मजा म्हणजे सुरुवातीला ते शुद्ध हेप्टेन एका जातीच्या पाइन झाडाच्या चिकापासून मिळवायचे. पट्टीतलं शून्य झाडातून आलंय.

मग ‘उंची म्हणजे शंभर ऑक्टेन’ हे डोक्यात कुठून बसलं? माझ्या मते १९४० च्या आकाशातून. ब्रिटनवरच्या हवाई लढाईत स्पिटफायर आणि हरिकेन विमानांना १०० ऑक्टेनचं पेट्रोल मिळालं, आणि ही गोष्ट इतक्या पुस्तकांत आणि डॉक्युमेंटरींत आली की तिची दंतकथा झाली. विमान उंच उडतं, त्याला शंभर लागतं, म्हणून उंचीला शंभर लागतं! पण नीट बघा. त्या विमानांच्या मर्लिन इंजिनाला सुपरचार्जर होता, म्हणजे हवा कोंबणारा पंप. शंभर ऑक्टेनमुळे पायलटला सव्वासहा पौंडांऐवजी बारा पौंडांपर्यंत जादा दाब कोंबता आला आणि साधारण १०३० हॉर्सपॉवरचं इंजिन १३१० पर्यंत गेलं. कुठे? नऊ हजार फुटांच्या आसपास. त्याच्या वर हवा इतकी विरळ की सुपरचार्जरला तो बारा पौंडांचा दाब पेलेनासा व्हायचा, आणि सोळा हजार फुटांच्या वर तर जुनं पेट्रोल आणि नवं पेट्रोल सारखंच. म्हणजे ज्या कथेवरून आपण ‘वर जायचं तर शंभर’ शिकलो, त्या कथेतसुद्धा शंभरचा फायदा खालीच होता.

आता आपल्याकडे येऊ. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले. वाटेत अहमदाबादला त्यांच्या छोट्या विमानासाठी पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. बैलगाडीवर विमानाचं इंधन, हे चित्र मला फार आवडतं. तेव्हा आसामातल्या डिगबोईचं तेल सोडलं तर देशात बरंचसं पेट्रोल बाहेरून यायचं. मुंबईत रिफायनऱ्या आल्या त्या १९५४ आणि १९५५ मध्ये, माहुल-तुर्भे भागात: आधी अमेरिकन स्टॅनव्हॅकची, मग बर्मा-शेलची. आज त्या हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम म्हणून आपल्याला माहीत आहेत.

आणि ऑक्टेन वाढवण्यासाठी शिसंही आलं. आपल्याकडच्या शिसंवाल्या पेट्रोलमध्ये लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं चालायचं. ते जळून नाहीसं होत नाही. सायलेन्सरमधून बारीक धूळ होऊन निघतं, रस्त्याकडेला बसतं, आणि लहान मुलं रांगतात, हात तोंडात घालतात. शिसं मेंदूच्या वाढीवर घाव घालतं, आणि गेलेलं परत येत नाही. १९९० च्या दशकाच्या शेवटी देशातल्या मोठ्या शहरांत, मुंबईसकट, मुलांचं रक्त तपासलं गेलं तेव्हा तपासलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त मुलांत शिसं त्या वेळच्या धोक्याच्या रेषेच्या वर निघालं. सगळं पेट्रोलमुळे नव्हतं, रंग आणि बॅटऱ्याही होत्या. पण हायवेच्या कडेला वाढलेल्या मुलांना पेट्रोलचा वाटा चुकवता येत नव्हता. तुमच्यापैकी कोणाचे आईवडील ऐंशी-नव्वदच्या दशकात दहिसर-काशीमिरा पट्ट्यात लहानाचे मोठे झाले असतील, तर ही हवा त्यांनी घेतलीय.

बदल टप्प्याटप्प्याने झाला. १९९४ मध्ये चार महानगरांत शिसं ०.१५ ग्रॅमवर आणलं. १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नईत नव्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि त्यासाठी बिनशिशाचं पेट्रोल आलं. यामागे सुप्रीम कोर्टातला एम. सी. मेहतांचा खटला होता. एक कडवट गोष्ट सांगतो: जगभर शिसं हटवायला सुरुवात झाली त्यात माणसांच्या मेंदूपेक्षा कन्व्हर्टरची निकड जास्त कामाला आली, कारण शिशाने कन्व्हर्टर निकामी होतो. यंत्राचं नुकसान लवकर दिसतं. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर पेट्रोल बिनशिशाचं झालं. त्यानंतर मुंबईत मुलांच्या तपासण्या झाल्या तेव्हा रक्तातलं शिसं आधीपेक्षा कमी आढळलं, शून्य नाही. जगात शेवटचा देश होता अल्जीरिया. तिथे ते २०२१ मध्ये बंद झालं. पूर्ण शंभर वर्षं.

मग शिसं काढल्यावर ऑक्टेन आणायचं कुठून? रिफायनरीतल्या प्रक्रिया सुधारल्या, हा एक भाग. दुसरा भाग मात्र मिजलीने बाजूला सारलेलं तेच अल्कोहोल. आपल्याकडे ही कल्पना नवीन नव्हती. पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळण्याबद्दलचा कायदा १९४८ चाच आहे. पण प्रत्यक्ष चाचणी झाली २००१ मध्ये, आणि ती महाराष्ट्रात मिरज आणि मनमाडला, शिवाय उत्तर प्रदेशात बरेलीकडे. पाच टक्के इथेनॉल. उसाचा पट्टा मिरजेच्या दारातच, त्यामुळे जागा बरोबर निवडली होती. २००३ पासून नऊ राज्यांत पाच टक्के, आणि २०२५ येईपर्यंत वीस टक्के. आज आपण ज्याला ई-ट्वेंटी म्हणतो ते.

इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन १०८ च्या आसपास. म्हणूनच सरकार सांगतं की वीस टक्के मिश्रणाने साधं पेट्रोल ९१ वरून ९५ पर्यंत जातं. आणि त्याच वेळी इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी. ऑक्टेन वर, ऊर्जा खाली, एकाच डब्यात! ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, याचा यापेक्षा चांगला पुरावा मला सापडला नाही. मायलेज कमी झाल्याची तक्रार आणि ‘ऑक्टेन वाढलं’ ही जाहिरात, दोन्ही खऱ्या असू शकतात.

आता परत लडाखच्या गाडीकडे.

अमेरिकन व्हिडिओ बघून एक गोंधळ होतो, तो आधी सोडवू. कोलोरॅडोसारख्या डोंगराळ राज्यांत पंपावर ८५ आकड्याचं पेट्रोल मिळतं, कारण जुन्या कार्बोरेटरच्या जमान्यात उंचीवर तेवढं पुरायचं. पण अमेरिकेचा आकडा दोन चाचण्यांची सरासरी असते, आपला एकाच चाचणीचा, आरओएन. त्यांचं ८७ म्हणजे साधारण आपलं ९१. म्हणून “तिकडे ८५ चालतं, आपलं ९१ म्हणजे प्रीमियम झालं” हे गणित चूक. आणि आता तिथेसुद्धा गाडी बनवणारे ८५ भरू नका म्हणतात. कारण नव्या गाडीचा कॉम्प्युटर हवेचा दाब बघून उंचीवर ठिणगी थोडी लवकर टाकतो. विरळ मिश्रण हळू जळतं, त्याला जरा आधी पेटवावं लागतं. त्यात उंचीने दिलेली सवलत बरीचशी वापरली जाते.

मग तुमच्या गाडीसाठी काय? साधं, बिनटर्बोचं इंजिन असेल आणि पुस्तिकेत ९१ लिहिलं असेल, तर पंपावरचं साधं पेट्रोल वरही पुरतं, खालीही पुरतं. १ डिसेंबर २०२० ला इंडियन ऑइलने दहा शहरांत, मुंबई-पुण्यासह, शंभर ऑक्टेन आणलं तेव्हा दिल्लीत ते १६० रुपये लिटर होतं आणि साधं ८२ च्या आसपास. जवळपास दुप्पट पैसे. एखाद्या महागड्या स्पोर्ट्स बाईकचं, जिच्या पुस्तिकेत जास्त आकडा मागितलाय, तिचं ठीक आहे. साडेतीनशे सीसीच्या बुलेटला ते पाजणं म्हणजे देवळात नेऊन विमानाला नारळ फोडण्यासारखं: मनाला बरं वाटतं.

टर्बो पेट्रोल गाडीची गोष्ट थोडी वेगळी. पाइक्स पीकवर मॉसने केलं तेच तुमचा टर्बो रोज करतो, विरळ हवा कोंबून दाब भरून काढतो. म्हणून तिथे उंचीची सवलत धरू नका. टाकीच्या झाकणाच्या आत जो आकडा लिहिलाय तोच मनालीत, तोच लेहमध्ये.

जुनी कार्बोरेटरची गाडी असेल, तर वर तिची अडचण ऑक्टेनची नसतेच. हवा कमी होते आणि पेट्रोल त्या प्रमाणात कमी होत नाही, मिश्रण घट्ट होतं, काळा धूर येतो, प्लगवर काजळी बसते, चढावर गाडी घुसमटते. त्यावर उपाय म्हणजे जेट बदलणं, प्लग साफ ठेवणं, एअर फिल्टर झटकणं. लोक नेमकं याच वेळी “पेट्रोल खराब आहे, प्रीमियम भर” म्हणतात. प्रीमियम भरून मिश्रण घट्टच राहतं.

आणि डिझेलवाल्यांनो, तुम्हाला ऑक्टेन लागू नाही, पण उंचीची खरी इंधन-समस्या तुमचीच आहे. हिवाळ्यात लडाखला साधं डिझेल थंडीने गोठतं, त्यातलं मेण फिल्टर तुंबवतं. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये इंडियन ऑइलने तिथे उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं हिवाळी डिझेल आणलं. त्याआधी केरोसीन मिसळून काम भागवायचे.

केरोसीनवरून शेवटचं. मनाली-लेह रस्त्यावर तांदीच्या पंपावरचा तो बोर्ड प्रसिद्ध आहे, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. तिथे टाकी आणि कॅन दोन्ही गळ्यापर्यंत भरा. कॅनचं झाकण घट्ट ठेवा, कारण इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. पुढे तंबूबाहेर प्लास्टिकच्या बाटलीत जे पेट्रोल विकतात, त्याची शुद्धता कोणी तपासलेली नसते. त्यात केरोसीन असेल तर ऑक्टेन धाडकन खाली येतं, अगदी मिजलीच्या त्या टकटक करणाऱ्या संचासारखं. वर कदाचित जाणवणार नाही, विरळ हवा ते झाकून टाकेल. मग तीच टाकी घेऊन तुम्ही अटल बोगद्यातून मनालीला उतराल, हवा दाट होईल, गिअर वरचा, चढ समोर, आणि तेव्हा आवाज येईल. तो आला तर अ‍ॅक्सिलरेटर सोडा, गिअर खाली टाका आणि पहिल्या चांगल्या पंपावर टाकी वरपर्यंत भरून घ्या. शंभर ऑक्टेन लडाखात नाही, फार तर इथे, उतरताना, कामाला येईल. तेही एका टाकीपुरतं.